व्हॉट्सअॅप बिझनेस: घरगुती मसाल्याच्या धंद्यासाठी कसं आहे

आमची मावशी लालबागला राहते आणि उन्हाळ्यात मालवणी मसाला करून विकते, मिरच्या तिथल्याच मिरची गल्लीतून घेऊन, वाळवून, भाजून, डंक्यावर कांडून. ऑर्डरचं सगळं मी बघते, म्हणजे मेसेज टाकणं, रिप्लाय देणं, पैसे आले का बघणं. त्यामुळे व्हॉट्सअॅप बिझनेसचा, म्हणजे व्हॉट्सअॅपच्याच धंद्यासाठीच्या वेगळ्या अॅपचा, हा रिव्ह्यू घरून मसाले, फराळ, साड्या वगैरे विकणाऱ्यांसाठी आहे.

अॅप घ्याच. फुकट आहे, 2018 पासून आहे, आणि नेहमीच्या व्हॉट्सअॅपसारखंच असल्यामुळे शिकायला काही वेगळं लागत नाही. फक्त एकच नंबर दोन्हीकडे एकाच वेळी चालत नाही, धंद्याला वेगळा लागतो. घरचा लँडलाइन असेल तरी चालतो, कोड फोन करून सांगतात. पण ऑर्डर येतात त्या अॅपमुळे नाही, आपण त्यात काय लिहितो त्यामुळे, आणि माझं सगळं म्हणणं तेच आहे.

सीझन सुरू झाला की सोसायटीच्या ग्रुपवर येणारे मेसेज डोळ्यासमोर आणा. हात जोडलेले इमोजी, मग 'अस्सल पारंपरिक चवीचा, घरच्या मायेने बनवलेला, उत्कृष्ट दर्जाचा मसाला आता आपल्या सेवेत', मग आजीपासूनचा वारसा, मग अजून इमोजी, आणि किंमत कुठेच नाही, 'किमतीसाठी संपर्क करा'. आता व्हॉट्सअॅप लांब मेसेज मधेच कापतं, पुढचं वाचायला टॅप करावं लागतं, नोटिफिकेशनमध्ये तर सुरुवातीचंच थोडं दिसतं. डोंबिवली फास्ट लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभी असलेली बाई काय टॅप करणार? तिला वारसा दिसला आणि मसाला दिसलाच नाही.

आमचा मेसेज असा असतो:

'मालवणी मसाला, अर्धा किलो 450 रुपये, ऑर्डर रविवारपर्यंत. मध्यम तिखट: ब्याडगी जास्त, संकेश्वरी कमी. मासे, चिकन, उसळ सगळ्याला चालतो. कांदा-लसूण नाही. पुढच्या शनिवारी संध्याकाळी दादर स्टेशनला हातात मिळेल, नाहीतर कुरिअरने, त्याचा खर्च वेगळा. हवा असेल तर फक्त किती ते कळवा.'

यातलं एकेक वाक्य म्हणजे फोनवर बायकांनी विचारलेल्या एकेका प्रश्नाचं उत्तर आहे. तिखट किती, माशाला चालेल का, मी ठाण्याला राहते मला कसा मिळेल. जे प्रश्न परत परत येतात तेच मेसेजमध्ये घालायचे, बाकी काही घालायचं नाही. मिरच्यांच्या नावांवरून मावशी म्हणाली, "अगं, कशाला एवढं, लोकांना काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, "मावशी, तुझी निम्मी गिऱ्हाइकं लालबाग-परळचीच ना गं." त्यांना पक्कं माहीत असतं की रंग ब्याडगीचा आणि झणका संकेश्वरीचा, त्यांना ते वाचूनच चव कळते, 'उत्कृष्ट दर्जा' वाचून काय कळणार? आणि ज्यांना मिरच्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी 'मध्यम तिखट' आहेच. कांदा-लसूण नाही हे मात्र मावशीनेच घालायला लावलं, कारण कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याशी लोक गल्लत करतात, आणि तिचं अगदी बरोबर होतं.

अजून एक, 'शेवटचे 5 पॅक शिल्लक, त्वरा करा' असलं खोटं लिहू नका प्लीज. मसाल्याच्या ऑर्डरची शेवटची तारीख खरीच असते, पाऊस आला की मिरच्या वाळत नाहीत, तेवढं एक वाक्य लिहिलं तरी लोक समजून घेतात आणि वेळेत ऑर्डर देतात.

आता अॅपमधलं काय कामाचं. क्विक रिप्लाय एक नंबर. स्लॅश टाइप केला की सेव्ह केलेली उत्तरं समोर येतात, 50 पर्यंत ठेवता येतात, आम्हाला थोडीच लागतात. मात्र पाठवायच्या आधी समोरच्या बाईंचं नाव घाला आणि त्यांनी नेमकं काय विचारलंय त्याप्रमाणे बदला, नाहीतर मशीनशी बोलल्यासारखं वाटतं. लेबलंही मस्त, नवीन ऑर्डर, पेमेंट बाकी, अशी रंगांची, कोणाचे पैसे यायचेत ते वहीत शोधावं लागत नाही. ग्रीटिंग मेसेजमध्ये तयार मजकूर असतो संपर्काबद्दल धन्यवाद वगैरे, तो पहिल्यांदा उडवा आणि तिथे भाव आणि डिलिव्हरीचा वार लिहा. हा ग्रीटिंग मेसेज पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला किंवा 14 दिवस बोलणं झालं नसेल त्यालाच जातो, म्हणजे रोजच्या गिऱ्हाइकाला त्रास नाही. कॅटलॉग ठीक, फोटो आणि किंमत टाकून लिंक पाठवता येते, पण मिरचीचा भाव चढला की तिथेही आठवणीने बदला.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवण्याबद्दल, बऱ्याच जणांची तक्रार असते की मेसेज पोचतच नाही. एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो जातो. मला हे फार योग्य वाटतं. ज्यांना हवाय त्यांनाच जावा ना, न विचारता पाठवलं तर माणूस ब्लॉक करतो आणि मग पुढच्या वर्षी तो गेलाच. आम्ही डबा हातात देतानाच विचारतो, नंबर सेव्ह कराल का, पुढच्या सीझनला कळवू.

कोणीतरी एसएमएसचं सुचवलं होतं, पण ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे धंद्याचे मेसेज पाठवायला आधी नाव आणि मजकूर रजिस्टर करावा लागतो, आणि देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70 च अक्षरं, काना-मात्रा वेलांट्या धरून, इंग्रजीत तेच 160. घरगुती धंद्याला झेपणारं नाही.

कमी काय आहे तर आकडेवारी. किती मेसेज गेले, किती पोचले, किती वाचले, किती आले एवढंच दाखवतं, ऑर्डर कुठल्या मेसेजमुळे आली ते नाही. आम्ही त्यासाठी प्रत्येक नवीन ऑर्डरला विचारतो की मेसेजमधलं काय वाचून घ्यावासा वाटला. सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर: दादरला हातात मिळतो म्हणून.