‘बातां री फुलवाड़ी’: हिंदीतून वाचावी की मुळातून?

विजयदान देथा यांच्या लोककथांचा एक हिंदी अनुवाद मला फोर्टच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाला, आणि त्यांतल्या काही कथा ज्यात आहेत असा ‘बातां री फुलवाड़ी’चा मूळ राजस्थानी खंड गिरगावातील आमच्या मारवाडी शेजाऱ्यांनी कपाटातून काढून दिला. महिनाभर दोन्ही पुस्तके एकमेकांलगत ठेवून वाचली. अनुवाद सफाईदार आहे. तरीही मराठी वाचकाने मूळ खंडालाच हात घालावा, असे माझे मत झाले.

याचे कारण ‘ळ’. हिंदीत हे अक्षर नाही. राजस्थानीत मात्र ते पानोपानी भेटते. मूळ कथेतला ‘काळजो’ आपल्या काळजाचा सख्खा भाऊ आहे, हिंदीत त्याचा ‘कलेजा’ होतो. ‘पीपळ’ आपल्या पिंपळाजवळचा, तो ‘पीपल’ होतो. ‘सुफळ संपूर्ण’ म्हणत कहाणी संपवणाऱ्या आजीचा नातू ही झीज चटकन ओळखतो. शेजारच्या काकूंनी दोन पाने मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा मध्येच थांबून त्या म्हणाल्या, “तुम्ही ‘हूं’ का म्हणत नाही?” तिकडे म्हणच आहे, ‘बात में हुंकारो, फौज में नगारो’, हुंकार नसेल तर गोष्ट पुढे सरकत नाही.

जोधपूरजवळच्या बोरुंदा गावचे देथा (1926–2013) उच्च शिक्षणानंतर गावी परतले, राजस्थानीतच लिहायचे असे ठरवले आणि गावातल्या बायाबापड्यांच्या तोंडच्या गोष्टी 14 खंडांत शब्दबद्ध केल्या. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्यासह त्यांनी 1960 साली तिथेच रूपायन संस्थान ही लोकसाहित्याचे काम करणारी संस्था उभारली. 1974 चा साहित्य अकादमी पुरस्कार या लेखनाला मिळाला. राजस्थानी भाषा मात्र अजूनही राज्यघटनेतील मान्यताप्राप्त भाषांच्या यादीबाहेर, म्हणजे आठव्या अनुसूचीबाहेर आहे.

तथापि हे निव्वळ संकलन समजून विकत घेणाऱ्याचा हिरमोड होईल. अमोल पालेकरांच्या ‘पहेली’ चित्रपटामुळे (2005) आपल्याकडे माहीत झालेली ‘दुविधा’ ही कथा पाहा. व्यापाराच्या हिशेबात गुंतलेला नवरा लग्नानंतर लगेच पाच वर्षांसाठी परगावी जातो, आणि त्याचे रूप घेऊन आलेले भूत नववधूपुढे आपण कोण आहोत हे प्रामाणिकपणे कबूल करते. तिने वाटेत केर नावाच्या झुडपाची लाल फळे मागितली असता नवऱ्याने ती गावंढळांची म्हणून नाकारलेली असतात; एवढ्या एका क्षुल्लक नकारातून देथा पुढची सारी गोष्ट विणतात. कथानक लोकांचे असले तरी त्या स्त्रीच्या मनाची उलघाल ज्या बारकाईने येते ती लेखकाची आहे, आणि मला तरी हे स्वातंत्र्य मान्य आहे. लोककथेचा अभ्यास करणाऱ्यांना ते खटकू शकेल.

उणिवा आहेत. माझ्या हातातल्या मूळ प्रतीत शब्दार्थांची सूची नाही, त्यामुळे शेतीची व जनावरांची नावे अडवतात. निवेदन काही ठिकाणी पाल्हाळिक होते. लिपी देवनागरीच असल्याने सुरुवात मात्र कठीण जात नाही. पहिली दहा पाने हिंदी प्रत जवळ ठेवून वाचावीत आणि शक्य असल्यास एखाद्या मारवाडी शेजाऱ्याकडून ती मोठ्याने वाचून घ्यावीत. आमच्या काकूंनी तो खंड अद्याप परत मागितलेला नाही. रविवारी ‘दुविधा’चा उरलेला भाग वाचायला त्या स्वतःच येणार आहेत.