क्रिस्टलोग्राफी की क्रायो-ईएम: पीएचडीला कशावर हात बसवावा?

स्ट्रक्चरल बायॉलॉजीत, म्हणजे प्रथिनांसारख्या रेणूंची त्रिमितीय रचना शोधण्याच्या शास्त्रात, पीएचडी करायची एवढं ठरलेलं असतं. एका लॅबमध्ये प्रथिनांचे स्फटिक वाढवून त्यांवर एक्स-रे सोडतात (क्रिस्टलोग्राफी), दुसरीत क्रायो-ईएम, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी, चालतं आणि दोन्हीकडून होकार आलेला असतो. कुठे जाऊ, असं मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. माझी पीएचडी स्फटिकांवर झाली, क्रायो-ईएम पोस्टडॉकमध्ये शिकले. दोन्हीकडे भरपूर हात पोळलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक तुलना रिझोल्यूशनच्या, म्हणजे किती बारीक तपशील दिसतो त्याच्या, आकड्यांवरून होते. निवड करताना तो मुद्दा मला दुय्यम वाटतो. चार-पाच वर्षं तुम्ही जगणार आहात ते अपयशासोबत, आणि ही दोन तंत्रं अपयश अगदी वेगळ्या रीतीनं कळवतात.

स्फटिकांचं काम म्हणजे ९६ खळग्यांची प्लेट, खळग्यात मायक्रोलिटरहूनही लहान थेंब, शेजारी क्षार आणि पॉलिमरचं दर वेळी निराळं द्रावण. थेंबातलं पाणी हळूहळू कमी होतं, प्रथिन दाटत जातं आणि जमलंच तर रेणू ओळीनं रचले जातात. सात महिने माझ्या प्लेट कोऱ्या होत्या. मग एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली लखलखीत, धारदार कडांचा स्फटिक दिसला. सुईचं टोक टेकवलं आणि 'कट्' असा आवाज आला. प्रथिनाचा स्फटिक मऊ असतो, दाबला की त्याचा चुरा होतो. हा मिठाचा होता. त्या दिवशी मी लवकर घरी गेले, पण एक गोष्ट मान्य करायला हवी: उत्तर स्पष्ट होतं. स्फटिक नाही म्हणजे नाही. स्फटिक आहे पण एक्स-रे विवर्तन (स्फटिकातून विखुरलेले किरण) फक्त ८ अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे चित्र फार धूसर, तर तेही तिथल्या तिथे कळतं. (अँगस्ट्रॉम हे साधारण अणूच्या आकाराचं माप; आकडा लहान तितकं चित्र स्पष्ट.)

हा 'नाही' किती लांबू शकतो, ते इतिहासात दिसतं. डोरोथी हॉजकिन यांचा इन्सुलिनच्या स्फटिकांवरचा पहिला लेख १९३५ सालचा, रचना हाती आली १९६९ मध्ये. अडा योनाथ यांनी रायबोसोमचे (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचे) स्फटिक १९८० मध्ये मिळवले, अणूपातळीची रचना यायला २००० साल उजाडलं. आज इतकी वाट पाहावी लागत नाही. सिंक्रोट्रॉनवर (प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) एका स्फटिकाचा डेटा काही मिनिटांत गोळा होतो, तोही बऱ्याचदा घरबसल्या. फेज प्रॉब्लेमनं (मोजणीत हरवणारी एक्स-रे लहरींची फेज परत मिळवण्याच्या अडचणीनं) एके काळी वर्षंच्या वर्षं खाल्ली, तिथे आता अल्फाफोल्ड या प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रोग्रामनं दिलेलं मॉडेल अनेकदा चालून जातं. सगळं दुखणं स्फटिक मिळेपर्यंतचं. एकदा स्फटिक नेमानं मिळू लागले की त्याच प्रथिनात वेगवेगळे औषधी रेणू भिजवून एकामागून एक रचना काढता येतात. औषध कंपन्या हे तंत्र सोडत नाहीत, त्यामागे हे मोठं कारण आहे.

क्रायो-ईएममध्ये स्फटिकच लागत नाही. ३ मिलिमीटरच्या ग्रिडवर (बारीक जाळीच्या चकतीवर) नमुन्याचा थेंब टाकायचा, जादाचं पाणी टिपून घ्यायचं आणि ग्रिड द्रवरूप इथेनमध्ये बुडवायची. पाणी इतक्या झटक्यात थिजतं की बर्फाचे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. मग सुट्या रेणूंच्या हजारो पुसट प्रतिमा घेऊन, त्या जुळवून आणि सरासरी काढून रचनेचा नकाशा बनवतात. हे झटपट गोठवणं जाक दुबोशे यांच्या गटानं १९८० च्या दशकात साधलं. तरीही पुढे बरीच वर्षं या क्षेत्राची 'ब्लॉबॉलॉजी' म्हणून चेष्टा व्हायची, कारण नकाशात नुसते गोळे दिसत. नवे डिटेक्टर आले आणि २०१३ मध्ये टीआरपीव्ही१ हे मिरचीचा दाह ओळखणारं मेंबरेन प्रोटीन (पेशीच्या पडद्यातलं प्रथिन) स्फटिकाविना ३.४ अँगस्ट्रॉमवर दिसलं. त्यानंतर चेष्टा थांबली.

इथला धोका असा की क्रायो-ईएम सहसा 'नाही' म्हणतच नाही. काही ना काही दिसत राहतं. रिचर्ड हेंडरसन यांनी दाखवून दिलेलं एक उदाहरण या तंत्राकडे वळणाऱ्या प्रत्येकानं मनात कोरून ठेवावं. ज्यांत काहीच नाही अशा, निव्वळ नॉइजच्या (अर्थहीन ठिपक्यांच्या) हजारभर प्रतिमा आइन्स्टाइनच्या फोटोशी जुळवून त्यांची सरासरी काढली, तर त्यातून आइन्स्टाइनचा चेहरा उमटतो! तुम्ही जे शोधताय तेच सॉफ्टवेअर तुम्हाला परत देऊ शकतं.

माझ्या बाबतीत इतकं टोकाचं झालं नाही, पण पाच महिने गेलेच. माझे सगळे रेणू बर्फाच्या पातळ थरात एकाच कुशीवर पडलेले होते, त्यामुळे नकाशा एका दिशेनं ताणलेला यायचा. मी मात्र कॉम्प्युटरवर पॅरामीटर बदलत बसले, कारण दर वेळी चित्र जरासं सुधारल्यासारखं वाटे. शेवटी थोडा डिटर्जंट घालून नव्या ग्रिड केल्या आणि दोन आठवड्यांत काम झालं. चूक नमुन्यात होती, हे पहिल्याच महिन्यात स्फटिकानं तोंडावर सांगितलं असतं.

प्रथिन कोणतं, यावरही बरंच ठरतं. साधारण ५० किलोडाल्टनखालचं (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) एकटं प्रथिन क्रायो-ईएमला अजूनही जड जातं. मोठी संकुलं, मेंबरेन प्रोटीन, चार-पाच रूपं घेणारी रेणूंची यंत्रं तिथे खुलतात. २०२० च्या सुरुवातीला हे शेजारी-शेजारी बघायला मिळालं: कोरोनाविषाणूचा स्पाइक क्रायो-ईएमनं, तर त्याचं मुख्य प्रोटिएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) स्फटिकातून, आणि दोन्ही काही आठवड्यांच्या अंतरानं. (एनएमआरचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र वापरून रचना शोधणाऱ्या तिसऱ्या तंत्राचं, दार लहान, लवचीक प्रथिनांसाठी उघडं आहेच, पण तो निर्णय वेगळा.)

'अल्फाफोल्ड आलं, आता आम्ही काय करायचं?' हेही विचारतात. त्याच्या निर्मात्यांना २०२४ चं नोबेल मिळाल्यानंतर जास्तच. एकट्या प्रथिन-साखळीची घडी (तिचा त्रिमितीय आकार) ते बहुतेकदा छान सांगतं, त्यामुळे केवळ नवी घडी दाखवून पेपर मिळण्याचे दिवस सरलेत. पण औषध प्रथिनाच्या खोबणीत नेमकं कसं बसतं, यंत्र एका रूपातून दुसऱ्यात कसं जातं, यासाठी प्रयोग लागतोच. ते काम दोन्ही तंत्रांकडे आहे.

मला पुन्हा निवडायला मिळालं तर क्रायो-ईएमची लॅब निवडेन, कारण मला हलणारी यंत्रं आवडतात. मात्र दोन अटी घालेन. मायक्रोस्कोपचा वेळ महिन्याला किती मिळतो आणि रांग केवढी, हे आधी विचारेन, कारण एकेक सत्र दिवस-दोन दिवसांचं असतं आणि लॅबबाहेरच्यांचीही रांग असते. आणि प्रथिन मी स्वतः शुद्ध करणार. जिथे नमुना तयार मिळतो आणि विद्यार्थी फक्त प्रतिमा चाळतो, तिथे जाणार नाही. तुमचा प्रकल्प लहान एन्झाइम आणि त्याचे इनहिबिटर (त्याला रोखणारे रेणू) असा असेल, तर मात्र डोळे मिटून स्फटिकांकडे जा.

लॅब बघायला गेलात की मायक्रोस्कोप आणि क्रिस्टल रोबो दाखवतीलच. तुम्ही ४ अंशांची कोल्ड रूम, म्हणजे जिथे प्रथिन शुद्ध करतात ती, दाखवा म्हणा. जेल फिल्ट्रेशनचा (रेणू आकारानुसार वेगळे करणारा) कॉलम कोण चालवतं ते विचारा आणि गेल्या महिन्यातल्या एखाद्या रनचा आलेख बघायला मागा. तिथे एकच टोकदार शिखर (एकजिनसी नमुना) दिसतं की पसरट टेकडी (सरमिसळ), आणि टेकडी असेल तर पुढे त्यांनी काय केलं, एवढं समजून घ्या.