निलगिरीच्या वासाला भुललो, ५७,५८० रुपयांना पडला

लिहायची लाज वाटतेय, पण लिहितो. ज्यांना हसायचंय त्यांनी हसा.

हरभरा ३० क्विंटल झाला, ६० कट्टे. मार्चमध्ये भाव पडलेला, म्हणून मधल्या खोलीत थप्पी लावून थांबलो. विषारी गोळ्या टाकायच्या नव्हत्या. भिंतीपलीकडे पोरं झोपतात, त्या गोळ्यांचा गॅस भुंगा आणि माणूस असा भेद करत नाही. त्यातच गावात ‘नैसर्गिक धान्यरक्षक’ विकणारा आला. निलगिरी, लवंग, गवती चहा. त्यानं माझ्याच घरातले भुंगे बरणीत टाकले, तेलाचा बोळा सोडला, झाकण लावलं. चहा होईपर्यंत भुंगे उताणे! डोळ्यांदेखत बघितल्यावर तुम्ही तरी नाही म्हणाला असता का? लिटरची बाटली १,४५० ला. सहा घेतल्या, ८,७०० रोख. पाच बाटल्या कट्ट्यांवर बाहेरून फवारायला, सहावी पावसाळ्यासाठी.

बरणीला झाकण होतं. बारदान्याला कुठलं झाकण? ही तेलं वाफेनं मारतात, उघड्यावर उडून जातात. दाण्याच्या पोटातली अळी तर बाहेरच्या फवाऱ्याला दादच देत नाही. हे आता कळतंय.

आणि खरी चीड याची येते. फवारताना थोडं तेल पेपरवर सांडलं. दुसऱ्या दिवशी डाग तसाच, तेलकट, पलीकडची अक्षरं दिसावीत इतका. आई म्हणाली, “अरे, निलगिरीचं तेल असा डाग ठेवत नाही, उडून जातं.” मी काय म्हणालो? “तुला नाही कळायचं, नवीन तंत्र आहे.” पेपर चुरगाळून चुलीत टाकला. बरणीत खरं तेल, बाटलीत वास लावलेलं कसलं तरी स्वस्त तेल, हे मला तिथंच कळायला हवं होतं. घेण्याआधी थेंबभर कागदावर टाकून बघा रे बाबांनो.

जुलैत कट्टा हलवला तर खाली पिठाची रांगोळी. दाण्यांना गोल भोकं, चांगल्या दिसणाऱ्या दाण्यांवर पांढरी अंडी चिकटलेली. सप्टेंबरात मोंढ्यात नेला. चांगल्या मालाला क्विंटलला ५,७०० चालू होता, आडत्यानं मूठभर हातात घेऊन फुंकर मारली आणि ४,३०० म्हणाला. वजन भरलं २८ क्विंटल ४० किलो. म्हणजे ४८,८८० इथं गेले, वर तेलाचे ८,७००.

कृषी कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, बाटलीवर ‘सुगंधी तेल’ लिहिलंय, कीटकनाशक नाही, आमच्याकडे येत नाही. अहो, कीड मारतं म्हणूनच विकलं ना! १९६८ चा कीटकनाशक कायदा काय फक्त दुकानदाराच्या भिंतीवर टांगायला आहे? दुसऱ्या टेबलवाल्यानं तालुक्याला पाठवलं, तालुक्यानं जिल्ह्याला, जिल्ह्यानं ‘अर्ज द्या’. अर्ज दिला, पोच मागितली तर शिक्का मारणारा रजेवर. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला, तिथल्या मुलीनं निदान ऐकून तरी घेतलं, पण बिल मागितलं. माझ्याकडे कच्ची पावती, ना जीएसटी नंबर, ना पत्ता. त्याचा मोबाईल जूनपासूनच बंद. पक्कं बिल नसेल तर दमडी देऊ नका, आणि कीड मारतो म्हणणाऱ्याच्या लेबलावर नोंदणी क्रमांक शोधा.

माल कडक वाळवून हवाबंद पिशव्यांत भरला असता, तर तेवढ्यानंच भागलं असतं. पण तेव्हा पिशव्या महाग वाटल्या!

सहावी बाटली सीलबंद आहे. नमुना म्हणून घ्या, तपासा, असं सांगत साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी झाकणाचा वास घेतला, “छान आहे,” म्हणाले आणि परत माझ्याकडे सरकवली.