पोटमाळ्याच्या वायुवीजनाच्या नावाखाली झालेली फसवणूक

पोटमाळ्यात साठणारी उष्णता आणि दमटपणा कमी व्हावा म्हणून आम्ही एका ठेकेदाराकडून आढ्याजवळ हवा बाहेर फेकणारा पंखा आणि वळचणीखाली जाळ्या बसवून घेतल्या. बाहेरून काम नीटनेटके दिसत होते. परंतु माळा पूर्वीसारखाच तापत राहिला, आणि पंखा चालू असताना माळ्याच्या दाराच्या फटीशी कागदाची पातळ पट्टी धरली की ती वर खेचली जाई.

अखेर एक जाळी उतरवून पाहिली. तिच्यामागे अखंड फळी होती: जुना रंग शाबूत, स्क्रूंची चार भोके आणि कापायच्या जागी पेन्सिलीने आखलेला चौकोन. उरलेल्या जाळ्यांमागेही तेच निघाले.

तापलेली हवा हलकी होऊन आढ्यापाशी बाहेर पडते, तेव्हा तिची जागा घेणारी हवा वळचणीतून आत यावी लागते. ती वाट बंद असेल तर पंखा खालच्या खोल्यांतूनच हवा ओढतो, आणि तिच्यासोबत माळ्यात गेलेली वाफ थंडीच्या रात्री छपराच्या आतल्या बाजूला पाणी होऊन साचते. आमच्या वाशांवर बुरशी धरली ती यामुळेच. त्यात भर म्हणजे न्हाणीघराच्या पंख्याची नळी छपराबाहेर न काढता त्याने माळ्यातच मोकळी सोडली होती, आणि हे मला अधिक संतापजनक वाटते, कारण ती चूक नजरेस पडायला वर चढावे लागते.

जाब विचारल्यावर त्याने पावती पुढे केली. तिच्यावर ‘जाळ्या बसवणे’ एवढेच लिहिलेले होते, फळी कापण्याचा उल्लेख नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून करारात जाळ्यांची संख्या नव्हे, तर हवेसाठी प्रत्यक्ष मोकळे राहणारे क्षेत्रफळ लिहून घ्यावे. ते माळ्याच्या क्षेत्रफळाच्या निदान १/३०० असावे, साधारण निम्मे खाली आणि निम्मे वर, असा प्रचलित ठोकताळा आहे. वर-खाली अशी विभागणी नसेल तर १/१५० धरतात. जाळीच्या तारा वाट अडवतात, त्यामुळे चौकटीचे माप हे मोकळे माप नसते. केवळ वायुवीजनाने खोल्या गार होतील असे सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये, कारण तापलेल्या छपरातून खाली उत्सर्जित होणारी उष्णता अडवायला माळ्याच्या तळावर उष्णतारोधक थर लागतो. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी भर दिवसा माळ्यातले दिवे बंद करून वळचणीच्या बाजूने उजेड येतो का ते पाहावे, आणि जाळी लागण्याआधी कापलेल्या प्रत्येक भोकाचे छायाचित्र मागून घ्यावे.