ग्रामसभा की ऑनलाइन अर्ज?

नागरिकाला प्रशासनापर्यंत पोहोचायचे दोन मार्ग आज महाराष्ट्रात शेजारी-शेजारी उभे आहेत. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यासाठी मुदत ठरवून दिली, विलंब झाल्यास अपिलाची सोय केली आणि ‘आपले सरकार’ पोर्टलमुळे दाखल्याचा अर्ज घरबसल्या करता येऊ लागला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याला दोन-तीन खेपा घालून मजुरी बुडवणाऱ्या माणसाला याचे मोल विचारावे. या कामात पोर्टल निःसंशय सरस आहे.

पाण्याचा प्रश्न मात्र एकट्याच्या अर्जाने सुटत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये अनेक वर्षे सरपंच राहिलेल्या पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पर्जन्यमापकावरील पावसाची नोंद आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे ठेवली जाते, पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची हे ठरते. शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा निर्बंध तिथे टिकला, कारण तो गावाने समोरासमोर बसून स्वतःवर घालून घेतला होता. असा संयम कोणतेही पोर्टल निर्माण करू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ग्रामसभेतही उणिवा आहेत: गणपूर्तीअभावी ती तहकूब होते, मागे बसलेल्या बाईचा आवाज इतिवृत्तापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच ग्रामसभेआधी महिलासभा घेण्याची तरतूद कसोशीने पाळली गेली पाहिजे. दाखला पोर्टलवरून घ्यावा. पाणी, गायरान आणि गावचा विकास आराखडा ग्रामसभेतच ठरवावा.