रत्नागिरीतलं नाण्यांचं दुकान, काका एकदम सच्चे (पण ते प्लास्टिकचं बघा)

आपल्याकडे जुनी नाणी विकणारे बहुतेक जण शिवराई आणि राणी छाप रुपयाच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे ह्या एवढ्याशा दुकानात आयर्लंडच्या नाण्यांचा अख्खा ट्रे बघून मी तिथेच ठाण मांडलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आयर्लंडने नवीन नाण्यांसाठी १९२६ ला कमिटी नेमली, अध्यक्ष कवी येट्स, देशोदेशीच्या शिल्पकारांना बोलावून स्पर्धा घेतली, एका बाजूला हार्प (तारांचं वाद्य) आणि दुसरीकडे घोडा, बैल, ससा, पिल्लांसकट कोंबडी वगैरे. जिंकला इंग्लंडचा पर्सी मेटकाफ आणि १९२८ ला नाणी चलनात आली. मला भारी वाटतं ते हे की त्यांच्या शेतकी खात्याने बैल आणि डुकरीण अंगाबांध्याने बरोबर वाटत नाहीत म्हणून बदलायला लावले, म्हणजे किती बारकाईने बघितलं असेल! न निवडलेल्यांपैकी इटलीच्या पुब्लिओ मोर्बिदुच्चीची १९२७ सालची ट्रायल नाणी आहेत, ती मोठ्या लिलावात कधीतरी येतात आणि आपल्या आवाक्यातली नसतात.

आणि ट्रेमध्ये मोर्बिदुच्चीचं एक नाणं होतं! मी किंमत विचारायच्या आधीच काका बोलले, "ओरिजिनल नाही हां हे, कॉपी आहे, घ्यायचं तर कॉपी म्हणूनच घे." ऑनलाइन असल्याच कॉप्या 'रेअर पॅटर्न' (म्हणजे दुर्मिळ ट्रायल नाणं) म्हणून खपवतात राव, इथे गिऱ्हाईक हातात असून माणसाने खरं सांगितलं, ह्याच्यासाठीच पाच स्टार.

मग खरं-खोटं तपासून दाखवायला त्यांनी चुंबक काढला. १९२८ चं सिक्सपेन्स (सहा पेनीचं नाणं) टक्कन चिकटलं कारण ते शुद्ध निकेलचं, आणि हाफ क्राउन (अडीच शिलिंगचं नाणं) ७५ टक्के चांदीचं त्यामुळे हललंसुद्धा नाही. वजनकाटाही समोरच असतो, हाफ क्राउन १४ ग्रॅमच्या थोडं वर भरलं पाहिजे, स्वतः ठेवून बघा, काका कधी नाही म्हणत नाहीत. मी सिक्सपेन्स आणि कोंबडीवाली पेनी घेतली, भाव वाजवी लावला.

तक्रार एकच, पेन्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवतात. ब्राँझची नाणी आहेत ती, आपली खारी दमट हवा आणि वरून ते प्लास्टिक, दोन-तीन पेन्यांच्या कडेला हिरवट चिकटा धरलाय. काका, कागदी होल्डर आणा आणि डब्यात सिलिका जेल टाका, पावसाळ्याच्या आधी कराच.