कॅनडाचा सल्ला: एक तास, अडीचशे डॉलर

पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते पुढे येईलच. पैसे मात्र वसूल झाले, आणि तेही पुढचं काही विकत न घेता.

टोरंटोजवळच्या मिसिसागातल्या एका परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराशी व्हिडिओवर एक तास बोलणं, अशी ही सेवा. फी अडीचशे कॅनेडियन डॉलर, आगाऊ. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या ऑफिसबद्दल खाली तक्रार आहे आणि माणूस स्वतः चांगला वाटला.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट, नवरा सिव्हिल इंजिनियर, दोघेही अमेरिकन नागरिक. लेक हायस्कूलला. सासूबाई आमच्याकडेच असतात, ग्रीन कार्डावर. सगळं सुरळीत चाललेलं असताना हे कॅनडाचं खूळ कुठून काढलंत, असं पुण्याहून भाऊ विचारतो. त्याला मी २०२५ चं कॅलेंडर वाचून दाखवते. २० जानेवारीला जन्मसिद्ध नागरिकत्वाला कात्री लावणारा आदेश. एप्रिलमध्ये बिगर-नागरिकांनी नोंदणीचा पुरावा सतत अंगावर बाळगण्याच्या जुन्या कायद्याची नव्याने सक्ती. ११ जूनला न्याय खात्याचं पत्रक, की दिलेलं नागरिकत्व रद्द करण्याच्या खटल्यांना प्राधान्य द्या. १९ सप्टेंबरला एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर. आमच्या दोघांवर यातलं आज काहीच लागू नाही, हे मलाही कळतं. पण सासूबाई हल्ली कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जातानाही कार्ड बटव्यात घालून बटवा कमरेला खोचतात. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं, टीव्ही बघून त्यांनीच ठरवलं.

नवऱ्याचं मत वेगळं. ओक ट्री रोडवरची, म्हणजे इथल्या भारतीय बाजारातली, जुनी मंडळी म्हणतात, १९८७ मध्ये जर्सी सिटीत भारतीयांवर हल्ले होत, टिकली लावून बाहेर पडायची भीती होती, ते दिवस गेले तसे हेही जातील. तो त्याच पंथातला. म्हणून आमच्यात ठरलं, की भांडण्यापेक्षा एकदा हिशोब तरी करून घेऊ.

आधी एक लांबलचक फॉर्म भरून पाठवावा लागतो. वय, पदव्या, अनुभवाची वर्षं, इंग्रजी किती, फ्रेंच येतं का, बँकेत किती. देश का सोडायचाय, असा रकाना त्यात नाही. मी शेवटी 'इतर माहिती'मध्ये मोठा परिच्छेद लिहिला होता. सल्लागारांनी तो वाचला होता, पण पहिल्या पाच मिनिटांतच बाजूला ठेवला. म्हणाले, हे आश्रयाचं प्रकरण नाही आणि होऊही शकत नाही, तेव्हा गुणांकडे वळू. त्यांचे आईवडील १९८३ च्या दंगलींनंतर श्रीलंकेतल्या जाफन्याहून टोरंटोला आलेले, हे त्यांनी नवऱ्याने विचारलं म्हणून एका वाक्यात सांगितलं आणि लगेच स्क्रीनवर तक्ता उघडला. मला ते बरं वाटलं. आमची भीती त्यांच्या घरच्या भीतीशी तोलायची माझी तयारी नव्हती.

तक्ता निर्दयी आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुण मोजून कायमचं राहू देणाऱ्या योजनेत, जोडीदारासह अर्ज केला तर तिशीच्या आत वयाचे शंभर गुण. चाळिसाव्या वर्षी ४५, माझ्या त्रेचाळिशीला १५, पुढच्या वाढदिवसानंतर ५, आणि पंचेचाळीस पूर्ण झाली की शून्य. माझं मास्टर्स, इंग्रजीत उत्तम गुण पडतील असं धरून, वर नवऱ्याची पदवी, सगळं मिळून ३९७. आरोग्यसेवेच्या वेगळ्या यादीत माझा पेशा बसतो, पण तिथलाही कट-ऑफ २०२५ मध्ये साडेचारशेच्या वरच राहिला. नोकरीची ऑफर आणली तर मिळणारे जास्तीचे गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. मुळात २०२५ साठीचा स्थायी रहिवाशांचा कोटाच पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणला होता. त्याच मार्चमध्ये फ्रेंच येणाऱ्यांना मात्र ३७९ वर बोलावणं गेलं होतं. नवरा म्हणाला, चला, फ्रेंचचा क्लास लावू. कॉलवर कोणी हसलं नाही.

इथे दुसरा कोणी असता तर फाईल उघडून मोकळा झाला असता. यांनी स्पष्ट सांगितलं, आज अर्ज टाकून पैसे घालवू नका, तुमचा रस्ता वेगळा आहे. अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापार करारात पेशांची एक यादी आहे. इंजिनियर त्यात आहेत, लॅब टेक्नॉलॉजिस्टही. अमेरिकन नागरिकाकडे कॅनेडियन कंपनीचं ऑफर लेटर आणि पदवीची कागदपत्रं असली की सीमेवरच, समजा बफेलोच्या पीस ब्रिजवर, अधिकारी वर्क परमिट देऊ शकतो. एका वेळी तीन वर्षांपर्यंत. ही सोय फक्त नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना नाही. ज्या नागरिकत्वाची आम्हाला धास्ती वाटू लागलीय, त्याच्याच जोरावर बाहेर पडायचं, असा हा मामला. शिवाय जुलै २०२६ मध्ये त्या कराराचाच फेरआढावा ठरलेला आहे. म्हणजे ज्या राजकारणाला घाबरून निघायचं, दार त्याच्याच हातात. हे त्यांनी न विचारता सांगितलं, आणि माझ्या मते अडीचशेतले शंभर इथेच वसूल झाले.

उरलेले दीडशे सासूबाईंच्या प्रश्नावर. तो मी विचारलाच नव्हता. त्या आमच्याबरोबर येणारच हे मी धरून चालले होते. सल्लागारांनी फॉर्ममधल्या 'घरात कोण राहतं' या ओळीवर बोट ठेवलं. कॅनडाच्या हिशोबात आई कुटुंबात मोडत नाही, नवराबायको आणि मुलं एवढंच कुटुंब. आईवडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देणारा सुपर व्हिसा आहे, पण तो मुलगा किंवा मुलगी तिथे पीआर (स्थायी रहिवासी) किंवा नागरिक असेल तरच. आम्ही वर्क परमिटवर गेलो तर आई पाहुण्या. साधारण सहा महिने, आरोग्यविमा खासगी, मुदत वाढवून मिळेलच याची खात्री नाही. आणि अमेरिकेबाहेर वर्षभर राहिल्या तर ग्रीन कार्डच धोक्यात. बटव्यातलं तेच कार्ड. नवरा इतका वेळ खुर्चीत रेलून बसला होता, तो एकदम पुढे सरकला आणि मग पुढचे सगळे प्रश्न त्यानेच विचारले.

कराचं थोडक्यात: कॅनडात राहिलं तरी अमेरिकन नागरिकाला अमेरिकेचं रिटर्न भरावंच लागतं, आणि तिथलं करमुक्त टीएफएसए खातं अमेरिका करमुक्त मानत नाही. तपशिलासाठी दुसरा माणूस गाठा, म्हणाले. ते मला प्रामाणिकपणाचं वाटलं.

आता कापलेला तारा. बोलणं संपल्यावर ऑफिसमधल्या बाईंचे फोन सुरू झाले. फाईल उघडा, साडेचार हजारांचं पॅकेज आहे, या महिन्यात सवलत आहे. तुमच्याच साहेबांनी नको म्हटलंय असं सांगितल्यावर म्हणाल्या, साहेब सगळ्यांनाच तसं म्हणतात. एकदा तर 'अमेरिकेत पुढे काय होईल सांगता येत नाही, मॅडम' असंही ऐकवलं. भीती विकायची तर निदान ती आमच्याकडून उसनी घेऊ नका. शिवाय लेखी सारांश दोन दिवसांत मिळेल म्हणाले होते, तो बऱ्याच आठवणी केल्यावर आला, आणि त्यात सासूबाईंचा मुद्दा गायब होता.

कोणी घ्यावा हा तास? दोघांपैकी एक तरी अमेरिकन नागरिक असेल, पेशा त्या यादीत असेल, तर जरूर. एच-वन-बीवर असाल तर तुमचा हिशोब निराळा. २०२३ च्या जुलैत कॅनडाने तुमच्यासाठी खास दहा हजार परमिटं काढली होती, ती दोन दिवसांत संपली. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर बाकी सगळं सोडून पहिला प्रश्न त्यांचा विचारा.

आमचं अजून काहीच ठरलेलं नाही. मी माझी कागदपत्रं लॅब टेक्नॉलॉजिस्टांच्या कॅनेडियन संस्थेकडे तपासणीला पाठवतेय, कारण परमिट मिळालं तरी बहुतेक प्रांतांत तिथल्या नोंदणीशिवाय लॅबमध्ये हात लावता येत नाही. आईंना यातलं अर्धंच सांगितलंय.

बुक करण्याआधी सल्लागाराचा परवाना त्यांच्या नियामक संस्थेच्या (तिला तिथे 'कॉलेज' म्हणतात) सार्वजनिक यादीत तपासून घ्या, ती ऑनलाइन फुकट बघता येते. आणि फॉर्ममध्ये फोन नंबर देऊ नका, ईमेल द्या.